पद्मिनीचे इंजेक्शन आणि घाटात बंद पडणारे इंजिन

महोदय,

आपला आक्षेप असा आहे की, कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा यांत्रिक भाग) रस्त्याच्या कडेला एका स्क्रू-ड्रायव्हरने दुरुस्त होतो, इंजेक्शन (पंपाच्या दाबाने पेट्रोल फवारणारी, संगणकावर चालणारी यंत्रणा) बसवलेली आपल्या स्नेह्यांची प्रीमियर पद्मिनी मात्र खंबाटकीच्या वळणांवर वारंवार बंद पडते, आणि म्हणून जुन्या गाडीत हा बदल करणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे होय. घाटातला अनुभव खराच असणार; त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र मला मान्य नाही.

मूळ टाकी कार्ब्युरेटरच्या गरजेपुरती बनवलेली असते. ती अर्ध्याखाली आली की वळणावर पेट्रोल एका बाजूला सरकते आणि आतल्या नळीचे तोंड क्षणभर उघडे पडते. फ्लोट चेंबर या छोट्या कप्प्यातल्या थोड्याशा पेट्रोलवर कार्ब्युरेटरचा तो क्षण निभावून जातो. इंजेक्शनमध्ये असा साठा नसतो. पंपाने हवा ओढली की रेलमधला, म्हणजे फवारणीसाठी पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतला, सुमारे 3 बारचा दाब कोसळतो आणि इंजिन बंद पडते. यासाठी मध्ये लहानशी सर्ज टँक बसवावी लागते, जी कमी दाबाचा पंप सतत भरलेली ठेवतो आणि जिच्यातून मुख्य पंप पेट्रोल घेतो. खर्च वाचवण्यासाठी नेमकी हीच वगळली जाते, याची मला मनापासून चीड आहे. स्नेह्यांनी टाकी पूर्ण भरून तोच घाट चढून पाहावा. गाडी बंद पडली नाही, तर दोष ईसीयूचा, म्हणजे इंजेक्शन चालवणाऱ्या संगणकाचा, नाही, अर्धवट कामाचा आहे.

शिवाय, भर उन्हात घाटात गाडी थांबवून पंपावर ओले फडके टाकण्याची वेळ कार्ब्युरेटरनेच आणली होती. कार्ब्युरेटरच्या गाडीत इंजिनवर तापणारा पंप लांबून पेट्रोल ओढतो, ओढताना दाब घटतो आणि पेट्रोलची वाफ होते. टाकीजवळचा विजेचा पंप ते दाबाने पुढे ढकलतो आणि जास्तीचे परत पाठवतो, त्यामुळे ही अडचण जवळजवळ उरत नाही.

आता 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलविषयी. शुद्ध पेट्रोलला वजनाने सुमारे 14.7 पट हवा लागते, या मिश्रणाला सुमारे 13.5 पट. कार्ब्युरेटरमधल्या जेटचे, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या तोटीचे, भोक मात्र तेवढेच राहते, म्हणून मिश्रण पातळ होते (पेट्रोल कमी, हवा जास्त) आणि इंजिन अडखळते. ऑक्सिजन सेन्सर धुरातला उरलेला ऑक्सिजन मोजतो आणि त्यानुसार ईसीयू पेट्रोल वाढवतो. जुन्या रबरी नळ्या मात्र आधी बदलायलाच हव्यात, कारण 3 बार दाबाखाली तडा गेलेली नळी म्हणजे थेट आगीला निमंत्रण.

ईसीयू रस्त्यावर दुरुस्त होत नाही, हे आपले म्हणणे योग्यच आहे. म्हणून जादा रिले (विजेचा स्विच) आणि क्रँक सेन्सर (इंजिनाचे फिरणे ईसीयूला कळवणारा) गाडीत ठेवावेत. गाडी मूळ स्वरूपात राखण्याचा मुद्दाही मी गंभीरपणे घेतो. 2021 च्या नियमांनुसार 50 वर्षांहून जुन्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी करताना इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही. तशी नोंदणी करायची असेल, तर कार्ब्युरेटरच राहू द्यावा. रोज वापरायच्या गाडीत बदल करण्यापूर्वीही आरटीओकडे विचारणा करावी आणि मूळ मॅनिफोल्ड (मिश्रण इंजिनात नेणारा नळ्यांचा जोड) कार्ब्युरेटरसह जपून ठेवावे.