मागणी अलवचिक, म्हणून कुणाला फरक पडत नाही?

‘लवचिकतेचे चार धडे’ हा मेसेज घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तिसऱ्यांदा आला. दोनदा गप्प बसलो. या वेळी बारावीतल्या भाच्याने तो वहीत उतरवून घेतला आणि आत्याने खाली हात जोडले. आत्या रोज इन्सुलिन घेते, आणि औषधांच्या दरांबद्दलचा तिसरा धडा नेमका तिच्याच मुळावर उठलेला आहे.

पहिला धडा म्हणे, ‘जास्त ताणलं जातं ते जास्त स्थितिस्थापक, रबर सगळ्यांत वर, पोलाद शून्य.’ अहो, शब्द तरी फोडून बघा. स्थिती पुन्हा स्थापन करतो तो स्थितिस्थापक. च्युइंगगमसुद्धा हातभर ताणलं जातं, पण सोडल्यावर परत येतं का? पोलादाचा यंग गुणांक, म्हणजे ताणाला पदार्थ किती विरोध करतो याचं माप, सुमारे 200 गिगापास्कल असतो, रबराचा त्याच्या हजाराव्या भागाहूनही कमी. एक मात्र कबूल करतो. रबर मूळ लांबीच्या कितीतरी पट ताणूनही परत येतं, साधं पोलाद एक टक्का ताणलं तरी पुरतं परत येत नाही. त्यामुळे ‘रबरापेक्षा पोलाद जास्त स्थितिस्थापक’ हे घोकून घेतात तेही अर्धंच.

दुसरा, ‘किंमत वाढली की मागणी घटते आणि रबरासारखी मूळ जागी येते, हीच मागणीची लवचिकता.’ अर्थशास्त्रातल्या लवचिकतेत परत येणं नाहीच. किंमत एक टक्का बदलली तर मागणी किती टक्के बदलते, एवढंच ते गुणोत्तर.

आता तिसरा. ‘औषधांची मागणी अलवचिक असते, म्हणजे दर वाढले तरी लोकांना फरक पडत नाही.’ पहिलं अर्धं वाक्य, म्हणजे किंमत वाढली तरी मागणी फारशी घटत नाही, हे बहुतेक वेळा बरोबर आहे, म्हणूनच दुसरं खपून जातं. समजा किंमत 10 टक्के वाढली आणि मागणी फक्त 1 टक्का घटली. लवचिकता 0.1, म्हणजे अगदी अलवचिक. पण रुग्णांचा एकूण खर्च जवळपास 9 टक्क्यांनी वाढला! मागणी हलली नाही कारण रुग्णाला दुसरा मार्ग नाही. फरक पडतो, तो बाकीच्या खर्चाला कात्री लावून सोसला जातो. कर बसला तरी तेच: ज्याला खरेदी टाळता येत नाही, त्याच्याच डोक्यावर जास्त बोजा.

आणि मागणीच्या लवचिकतेची कल्पना ज्याने रूढ केली त्या इंग्रज अर्थतज्ज्ञ आल्फ्रेड मार्शलने 1890 च्या ‘प्रिन्सिपल्स ऑफ इकॉनॉमिक्स’मध्ये श्रीमंत-गरीब हा भेद त्याच प्रकरणात केलाय. दूध, मांस, साधे वैद्यकीय उपचार यांची किंमत हलली की कष्टकऱ्यांचा वापर खूप बदलतो, श्रीमंतांचा फारसा नाही, असं तो सांगतो. म्हणजे दर वाढल्यावर काही जणांची मागणी ‘लवचिक’ ठरते, ती त्यांनी उपचार घेणंच सोडल्यामुळे. हे ज्याला दिसत नाही त्याने मार्शलचा फोटो तरी मेसेजवर चिकटवू नये.

चौथा, ‘माणूस जितका ताणाल तितका लवचिक होतो.’ तांब्याच्या तारेला स्थितिस्थापकतेची मर्यादा असते हे भाच्याच्या पुस्तकातही आहे. मर्यादेपलीकडे ओढलेली तार लांब होते खरी, पण तशीच राहते.

भाच्याने पान फाडलं. आत्याला मी फोन करून तिसरा धडा समजावला. ती म्हणाली, ‘मी वाचलाच नव्हता रे, देवाचं काहीतरी असेल असं वाटलं.’