२५२०चा ‘चमत्कार’ रामानुजन यांच्या नावावर खपवू नका

‘२५२० ही विलक्षण संख्या आहे. १ ते १० पर्यंतच्या प्रत्येक संख्येने तिला पूर्ण भाग जातो, अशी जगात दुसरी संख्या नाही. हा रामानुजन यांचा शोध. आणि गुपित काय, तर आठवड्याचे ७ दिवस × महिन्याचे ३० दिवस × वर्षाचे १२ महिने!’ व्हॉट्सॲपवर हा मजकूर पुन्हा पुन्हा येतो. यातलं भाग जाण्याचं तेवढं खरं आहे.

‘दुसरी संख्या नाही’ हे साफ चूक. ५०४० घ्या, ७५६० घ्या. २५२०ची कुठलीही पट चालते. एक कोटीपर्यंतच अशा ३,९६८ संख्या आहेत. २५२० त्यांतली सर्वांत लहान, म्हणजे १ ते १० यांचा लसावि.

तो काढायला गुपित लागत नाही. ८ साठी तीन वेळा २, ९ साठी दोन वेळा ३, शिवाय ५ आणि ७ हवेत. ८ × ९ × ५ × ७ = २५२०. बाकीच्या संख्या यातच सामावतात. ३० आणि १२ यांच्या अवयवांत नेमके हेच २, ३ आणि ५ आहेत, म्हणून ७ × ३० × १२ चं उत्तर तेच येतं. पण दिवसांना दिवसांनी गुणून कालगणना होत नाही, आणि वर्ष ३६० दिवसांचं नसतं.

हा शोध रामानुजन यांचा असूच शकत नाही. दिलेल्या संख्यांनी भाग जाणारी सर्वांत लहान संख्या कशी काढायची, हे ग्रीक गणिती युक्लिडच्या दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या ‘एलिमेंट्स’ या ग्रंथाच्या सातव्या पुस्तकात आहे. आपल्याकडे नवव्या शतकात गणिती महावीराचार्यांनी अपूर्णांकांच्या बेरजेसाठी लसावि वापरला.

मला चीड येते ती याची, की रामानुजन यांचं या विषयातलं खरं काम कुणी सांगत नाही. १९१५ साली लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा दीर्घ निबंध आला. विषय: आपल्यापेक्षा लहान असलेल्या प्रत्येक संख्येहून जास्त विभाजक असणाऱ्या संख्या. २५२० त्यांतली एक. तिला ४८ विभाजक आहेत, आणि तिच्याहून लहान कुठल्याच संख्येला इतके नाहीत. अशा संख्यांचे मूळ अवयव कसे रचलेले असतात, लहान अवयवांचे घातांक (म्हणजे तो अवयव किती वेळा येतो) मोठ्यांपेक्षा कमी का नसतात, हे त्यांनी सिद्ध केलं. सोबत तक्ताही दिला. त्यातली शेवटची संख्या ६७,४६,३२,८३,८८,८००. तिला १०,०८० विभाजक. संगणक नसताना केलेल्या त्या तक्त्यातून २,९३,३१,८६,२५,६०० ही एक संख्या निसटली, हे पुढे लक्षात आलं. तिला २३ने गुणलं की तक्त्यातली ती शेवटची संख्या मिळते.