‘कायदा पाळणाऱ्याला कसली भीती?’ – फेअरफॅक्सच्या शस्त्रबंदीबद्दल फिरणाऱ्या मजकुराला उत्तर

गेल्या आठवड्यात माझ्या आईने सांगलीहून फेअरफॅक्स काउंटीच्या प्रस्तावित शस्त्रबंदीबद्दलचा एक लांबलचक मराठी मजकूर मला पाठवला आणि खाली विचारले, “हे तुमच्याच भागाबद्दल आहे ना? तू असले काही जवळ बाळगत नाहीस ना?” मजकूर माझ्या ओळखीचा होता. अमेरिकेतल्या उत्तर व्हर्जिनियातल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांतून तो पंधरा दिवस फिरत होता आणि दर वेळी वाचून मी तो सोडून देत होते. तोच मजकूर सांगलीला जाऊन आईच्या काळजीसह माझ्याकडे परत आल्यावर मात्र गप्प बसणे मला शक्य झाले नाही.

ज्यांच्यापर्यंत तो पोहोचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. व्हर्जिनिया राज्यात काउंटीला (जिल्ह्यासारख्या स्थानिक विभागाला) किंवा शहराला राज्य विधिमंडळाने दिलेले तेवढेच अधिकार असतात. १ जुलै २०२० पासून राज्याच्या कायद्यातील कलम १५.२-९१५ बदलले असून स्थानिक संस्थांना आपल्या इमारती, उद्याने, करमणूक केंद्रे आणि परवानगी घेऊन होणाऱ्या कार्यक्रमांच्या आसपासचे रस्ते येथे बंदुका व दारूगोळा यांवर बंदी घालण्याची मुभा मिळाली आहे. शेजारच्या अलेक्झांड्रिया शहराने जूनमध्येच तसा नियम केला. आता फेअरफॅक्स काउंटीच्या पर्यवेक्षक मंडळापुढे तो १५ सप्टेंबर २०२० ला सुनावणीसाठी येत आहे, त्याआधी हे लिहिते आहे. फिरणारा मजकूर या नियमाला पाठिंबा मागतो आणि विरोध करणारे लोक एकतर माथेफिरू आहेत किंवा बंदूक कंपन्यांच्या प्रचाराला भुललेले आहेत, असे ठामपणे सांगतो. मी विरोध करते आहे. माझ्याकडे पिस्तूल आहे, ते बाळगण्याचा परवाना आहे, आणि मी माथेफिरूही नाही, प्रचाराला भुललेलीही नाही.

मजकुराचा पहिला दावा असा की, हा नियम असता तर व्हर्जिनिया बीचचे हत्याकांड टळले असते. बारा माणसांच्या मृत्यूचा असा वापर झालेला पाहून मला सर्वाधिक राग आला, म्हणून आधी त्याकडेच वळते. ३१ मे २०१९ रोजी, शुक्रवारी दुपारी चारनंतर, व्हर्जिनिया बीच महापालिकेच्या इमारत क्रमांक २ मध्ये गोळीबार झाला. मारेकरी बाहेरून आलेला कोणी सशस्त्र नागरिक नव्हता. तो त्याच महापालिकेचा अभियंता होता, त्याच दिवशी त्याने राजीनामा पाठवला होता, आणि आतल्या कचेऱ्यांचे दरवाजे उघडणारे ओळखपत्र त्याच्या खिशात होते. महापालिकेच्या कर्मचाऱ्यांना कामावर शस्त्र आणण्यास त्या वेळीही मनाई होती. राज्याच्या तेव्हाच्या कायद्यामुळे महापालिकेला सामान्य नागरिकांवर बंदी घालता येत नव्हती, हे खरे. पण मालक या नात्याने आपल्या नोकरांवर घालता येत होती आणि ती घातलेली होती. म्हणजे ज्या एका माणसाला रोखायचे होते, त्याला ही बंदी आधीपासून लागू होती. ती त्याने मोडली, आणि ज्यांनी पाळली ते त्याच्या समोर निःशस्त्र उभे होते. त्यांच्यापैकी एखाद्याकडे पिस्तूल असते तर निकाल वेगळा लागला असता, असा दावा मी करणार नाही, कारण ते कोणालाच सांगता येणार नाही. पण प्रवेशद्वारावरच्या पाटीने तो थांबला असता हे विधान मात्र उघड खोटे आहे, आणि ते त्या बारा कुटुंबांच्या नावाने पसरवले जाऊ नये.

दुसरा दावा लोकांच्या तोंडी सर्वांत जास्त बसला आहे: “कायदा पाळणाऱ्याला कसली भीती? हा नियम फक्त गुंडांसाठी आहे.” माझे संपूर्ण म्हणणे याच वाक्याविरुद्ध आहे, त्यामुळे येथे थोडे थांबते.

नियम काय म्हणतो ते आधी वाचावे. राज्याच्या कलमात बंदी केवळ बंदुकीवर नाही. बंदूक, दारूगोळा किंवा त्यांचे सुटे भाग बाळगणे, जवळ घेऊन फिरणे आणि वाहून नेणे या सर्वांवर ती घालता येते, आणि काउंटीचा प्रस्ताव त्याच शब्दांवर उभा आहे. मागच्या महिन्यात मी धुण्यासाठी माझी पाठीवरची पिशवी उलटी केली, तेव्हा पाण्याची बाटली, मुलाचा मास्क आणि चुरगळलेल्या पावत्या यांच्यासोबत एक नऊ मिलिमीटरचे काडतूस फरशीवर पडले. नेमबाजीच्या सरावाहून परतताना ते अस्तराच्या फाटक्या शिवणीत अडकून राहिले असावे. तीच पिशवी घेऊन मी तोवर वाचनालयात दोनदा पुस्तके परत करायला गेले होते. उद्या हा नियम आला की असे एक काडतूसही त्याच्या शब्दांत बसते. प्रस्तावित शिक्षा वर्ग १ च्या ‘मिस्डिमीनर’ची, म्हणजे तुलनेने लहान गुन्ह्याची आहे, म्हणजे बारा महिन्यांपर्यंत कैद आणि अडीच हजार डॉलरपर्यंत दंड. एखादा न्यायाधीश समजूतदारपणे मला सोडून देईल, असे कोणी म्हणेल, आणि कदाचित तसे होईलही. पण न्यायाधीशाच्या समजूतदारपणावर विसंबून राहणे याला ‘भीती नाही’ असे कोणी म्हणू नये.

मराठी गटांत हा मजकूर पसरवणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट जाणून घ्यायला हवी होती, कारण आपल्यापैकी कित्येकजण अजून ग्रीन कार्डावर आहेत. अमेरिकेच्या स्थलांतर कायद्यात बंदूक बेकायदा बाळगण्याबद्दल झालेली शिक्षा हे हद्दपारीचे स्वतंत्र कारण आहे. त्यासाठी गुन्हा मोठा असावा लागत नाही, आणि तो केंद्राच्याच कायद्याखाली असावा लागतो असेही नाही. या देशात जन्मलेल्या माझ्या शेजाऱ्याला जी चूक दंड आणि वकिलाचे बिल एवढ्यावर सुटेल, तीच माझ्या बाबतीत मुलाला इथे ठेवून विमानात बसण्यापर्यंत जाऊ शकते. गटातल्या एकाही सुशिक्षित माणसाने हे लिहिले नाही. उलट हा मजकूर पुढे पाठवताना प्रत्येकाने हात जोडल्याचे चिन्ह तेवढे जोडले.

आता जागांचा प्रश्न. काउंटीच्या उद्यान प्राधिकरणाकडे चारशेहून अधिक उद्याने आणि तेवीस हजार एकरांहून अधिक जमीन आहे. त्यात खेळाची मैदाने आहेत, तशा मैलोन्‌मैल चालणाऱ्या रानवाटाही आहेत. मी एका रुग्णालयात रात्रपाळी करते आणि सकाळी घरी जाण्याआधी पोटोमॅक नदीकाठी रिव्हरबेंड उद्यानात चालायला जाते. दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरमध्ये एक अनोळखी माणूस तिथे माझ्यामागे अर्धा तास चालत राहिला. मी थांबले की तो थांबायचा, मी वळले की तोही वळायचा. पुढे काही घडले नाही. फोनला मात्र त्या पट्ट्यात रेंज नव्हती, आणि रेंज असती तरी पोलीस येईपर्यंतचा वेळ मला एकटीलाच काढायचा होता. त्यानंतर मी प्रशिक्षण घेतले आणि परवान्यासाठी अर्ज केला. ती नदीकाठची वाट पुढे ग्रेट फॉल्स या केंद्र सरकारच्या उद्यानात जाते. २०१० पासून राष्ट्रीय उद्यानांत राज्याच्या कायद्यानुसार शस्त्र बाळगता येते, त्यामुळे ग्रेट फॉल्सच्या हद्दीत मी कायदेशीर आहे. प्रस्तावित नियम आल्यावर त्याच वाटेवर, त्याच झाडांखाली, उलट्या दिशेने काही पावले टाकताच मी गुन्हेगार ठरेन. प्रवेशाच्या ठिकाणी सूचनाफलक लावण्याचे बंधन राज्याच्या कायद्यातच आहे, हे मला मान्य आहे. पण तो फलक वाचून पिस्तूल घरी ठेवणारी व्यक्ती मी आहे. त्या दिवशी माझ्यामागून चालणारा माणूस फलक वाचून काय करेल, याचे उत्तर मजकूर लिहिणाऱ्याने द्यावे.

ज्या परवान्याची मी गोष्ट करते आहे तो पानाच्या ठेल्यावर मिळत नाही. व्हर्जिनियात लपवून पिस्तूल बाळगण्याचा परवाना काउंटीचे सर्किट न्यायालय देते. त्यासाठी एकवीस वर्षे पूर्ण असावी लागतात, शस्त्र हाताळता येते याचा पुरावा द्यावा लागतो, पार्श्वभूमीची तपासणी होते आणि दर पाच वर्षांनी तो नवा करून घ्यावा लागतो. पोलिसांना प्रस्तावात सूट आहे, ती योग्यच आहे. न्यायालयाने तपासलेल्या परवानाधारकाला मात्र सूट नाही.

तिसरा दावा मोठ्या तोऱ्याने लिहिलेला आहे: खुद्द जेफरसन आणि मॅडिसन या अमेरिकेच्या संस्थापक नेत्यांनीच १८२४ साली व्हर्जिनिया विद्यापीठात शस्त्रबंदी केली होती, मग त्यांचे नाव घेऊन विरोध कसला करता? यात तथ्य आहे आणि ते मी नाकारणार नाही. ४ ऑक्टोबर १८२४ रोजी विद्यापीठाच्या नियामक मंडळाची बैठक झाली, तिला दोघेही हजर होते, आणि विद्यार्थ्यांनी आवारात शस्त्रे वा बंदुकीची दारू ठेवू नये असा नियम त्यांनी केला. पण मजकुराने ते वाक्य अर्धेच उचलले आहे. त्याच नियमात विद्यार्थ्यांनी मद्य आणू नये, नोकर, घोडा किंवा कुत्रा पाळू नये, वर्गात काठी घेऊन येऊ नये आणि तंबाखू ओढू वा चघळू नये असेही म्हटले आहे. वसतिगृहातल्या पोरांना लावलेली ही शिस्त होती. पालकाच्या भूमिकेत शिरलेल्या संस्थेने ती केली होती. त्याच आवाराबाहेरच्या रस्त्याने जाणाऱ्या शेतकऱ्याशी तिचा काही संबंध नव्हता. या एका ठरावावरून चारशे उद्यानांत प्रौढ नागरिकांवर बंदी सिद्ध होत असेल, तर तिथे कुत्रा फिरवण्यावरही सिद्ध व्हायला हवी.

सर्वोच्च न्यायालयाचा हवालाही दिला आहे, तोही निम्मा. २००८ च्या हेलर निकालात शस्त्र बाळगणे हा व्यक्तीचा हक्क आहे असे न्यायालयाने मान्य केले, आणि त्याच निकालात शाळा व सरकारी इमारती यांसारख्या संवेदनशील जागांतील बंदी संशयास्पद मानू नये, असेही लिहिले. म्हणून काउंटीच्या कचेऱ्या आणि सभागृह यांवरील बंदीला विरोध करताना माझ्या हाती कायद्याचा आधार फारसा नाही, आणि खरे सांगायचे तर माझे मनही त्यात फारसे नाही. जिथे दारावर तपासणी आहे आणि आत पहारा आहे, तिथे पिस्तूल बाहेर ठेवायला सांगणे मी समजू शकते. शाळांत आणि न्यायालयांत तर राज्याची बंदी आधीपासूनच आहे. पण निकालात ‘सरकारी इमारती’ असे शब्द आहेत, ‘सरकारच्या मालकीची प्रत्येक एकर जमीन’ असे नाहीत.

मजकुरातला शार्लट्सव्हिल या व्हर्जिनियातल्या शहराचा मुद्दाही मला मनाविरुद्ध निम्मा मान्य करावा लागतो. ऑगस्ट २०१७ मध्ये तिथे वंशद्वेष्ट्यांच्या मेळाव्यात लांब बंदुका घेऊन उभ्या राहिलेल्या टोळ्या मी चित्रफितींत पाहिल्या आहेत. माझ्या रंगाच्या माणसाला त्या गर्दीत काय वाटेल हे मला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. परवानगी घेऊन होणाऱ्या मोर्च्यात उघड शस्त्रे नकोत, एवढाच नियम असता तर हा लेख मी लिहिला नसता. मात्र प्रस्ताव कार्यक्रमाला लागून असलेल्या रस्त्यांनाही धरतो, आणि ज्या कार्यक्रमाला परवानगी घ्यायला हवी होती पण घेतलेली नाही अशा कार्यक्रमालाही धरतो. शेजारच्या चौकात जमलेल्या माणसांनी परवानगी घ्यायला हवी होती की नव्हती, हे रस्त्याने जाणाऱ्याने कसे ओळखायचे? आणि शस्त्रधारी माणूस जमला की रक्तपात ठरलेलाच, या मजकुरातल्या वाक्याला याच वर्षाचे उत्तर आहे: २० जानेवारी २०२० ला व्हर्जिनियाची राजधानी रिचमंडमध्ये सुमारे बावीस हजार लोक जमले, त्यांत हजारो सशस्त्र होते, आणि हिंसा झाली नाही.

शेवटी “आपण भारतात बंदुकीशिवायच मोठे झालो ना?” हा प्रश्न. झालो. आजोबांच्या तोंडून इंग्रजांच्या १८७८ च्या शस्त्र कायद्याबद्दल ऐकतही मोठे झालो. त्या कायद्यात हिंदी माणसाला परवाना लागत असे आणि युरोपियनांना सूट होती. हल्लीच्या वादात आमच्या बाजूचे लोक त्या कायद्यावरचे गांधीजींचे एक वाक्य सर्रास फिरवतात; ते वाक्य १९१८ साली खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी काढलेल्या पत्रकातले आहे हे ते सांगत नाहीत, म्हणून मी ते येथे वापरत नाही. फेअरफॅक्सचा प्रस्ताव १८७८ चा कायदा नाही, आणि फेअरफॅक्स म्हणजे सांगलीही नाही. इथे इथल्या राज्यघटनेने दिलेला हक्क आहे आणि तो ग्रीन कार्डावर आलेल्या बाईलाही वापरता येतो, एवढेच मला म्हणायचे आहे.

१५ तारखेच्या सुनावणीसाठी मी नाव नोंदवले आहे. मला मिळेल त्या वेळात मी मंडळाकडे तीन बदल मागणार आहे: न्यायालयाने परवाना दिलेल्या व्यक्तीला पोलिसांप्रमाणे सूट द्यावी, उद्यानांतील बंदी इमारती आणि मुलांची खेळण्याची जागा एवढ्यापुरती ठेवून रानवाटा वगळाव्यात, आणि सुटे काडतूस जाणूनबुजून बाळगले नसेल तर तो गुन्हा ठरणार नाही, असे स्पष्ट शब्दांत लिहावे. आईला मी फोन करून खरे ते सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग तिने विचारले की पहाटे चालायला जाताना सोबत कोणी मिळत नाही का. मिळत नाही, असे मी तिला सांगितले.