‘नापास तर खेळ बंद’: अमेरिकेचा दाखला अर्धाच दिलाय

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. सार असं: ‘अमेरिकेत नापास मुलाला मैदानात उतरू देत नाहीत, म्हणून तिथले खेळाडू अभ्यासातही पुढे. आपल्याकडे खेळणाऱ्याला दहावीला 25 गुण फुकट! घटक चाचणीत 50 टक्के नसतील त्याचं नाव तालुक्याच्या संघातून काढा, गुण आपोआप वाढतील.’

‘अमेरिकेत उतरू देत नाहीत.’ सगळ्या अमेरिकेला लागू असा एक कायदा नाही. शाळांचे नियम राज्यागणिक बदलतात. सगळ्यात गाजला तो टेक्सासचा, 1984 चा. तिथे प्रत्येक विषयात 100 पैकी 70 लागतात. कमी पडले की आधी सहा आठवडे सामने बंद असायचे. 1995 मध्ये मुदत तीन आठवड्यांवर आली. तेवढ्यात सगळ्या विषयांची गाडी रुळावर आली की मुलगा परत संघात. मेसेजमध्ये गाळलेली गोष्ट पुढे आहे: बंदी सामन्यांपुरती असते, सरावाला यायला मुभा असते. म्हणजे मुलगा शिक्षकांच्या नजरेआड होत नाही.

कॉलेजचा हिशेब आणखी लांबचा. एनसीएए ही तिथली कॉलेजांचे सामने चालवणारी संघटना. तिच्या पहिल्या, म्हणजे सगळ्यात वरच्या डिव्हिजनमध्ये खेळायचं तर नववी ते बारावीत ठरावीक 16 विषय आणि 4 च्या मापावर किमान 2.3 सरासरी लागते. त्यातले 10 विषय बारावी सुरू होण्याआधी पुरे व्हायला हवेत, आणि त्या दहांतले 7 इंग्रजी, गणित, विज्ञानातले. थोडक्यात, हिशेब चार वर्षांचा आहे, 20 गुणांच्या एका चाचणीचा नाही.

‘गुण आपोआप वाढतील.’ इथे सगळी गफलत आहे. समजा, कबड्डीच्या संघात 12 पोरं आहेत, सरासरी 52 टक्के. नियम लावून चौघांना काढलं, त्यांची सरासरी 31. उरलेल्या आठांची सरासरी आता 62.5! साडेदहा टक्क्यांची उडी, आणि एकाही पोराचा एकही गुण वाढलेला नाही. शाळा अभिमानाने सांगणार, आमचे खेळाडू आता फर्स्ट क्लासवाले. त्या चौघांचं काय झालं ते कुणी विचारत नाही. शिवाय सात मैदानात आणि राखीव एकच, म्हणजे दुसरा गुडघा दुखला की संघ सहावर आला.

दुसरी गंमत अशी की संघातली जागा गुणांना बांधली की दबाव तपासणाऱ्यावर येतो. जिल्ह्याचा सामना तोंडावर असताना चढाईपटूचे 20 पैकी 9 चे 10 व्हायला फार वेळ लागत नाही.

‘50 टक्के नसतील तर काढा.’ बोर्डात 100 पैकी 35 ला पास होतो आणि तालुक्याला खेळायला 50? बरं, 50 टक्के कशाचे? घटक चाचणी बहुतेक शाळांत 20 गुणांची. त्यात दोन गुणांचा एक प्रश्न चुकला की 10 टक्के गेले. सत्र परीक्षा दिवाळीच्या तोंडावर होते, तोवर तालुका-जिल्हा बहुधा उरकलेले असतात. मध्ये गणपतीची सुट्टी, आणि त्याआधी मुसळधार पावसाने बुडालेले दिवस वेगळेच.

वयाचं तर कुणी बोलतच नाही. शालेय स्पर्धांचे गट 14, 17 आणि 19 वर्षांखालचे, वय 31 डिसेंबरला धरतात. चौदाखालचं शेवटचं वर्ष एका चाचणीपायी गेलं की गेलं. पुढच्या हंगामात तोच पोरगा सतराखालच्यांत, दोन-तीन वर्षांनी थोराड पोरांसमोर.

‘25 गुण फुकट.’ 25 ही वरची मर्यादा आहे. स्पर्धेच्या पातळीप्रमाणे गुण चढत जातात, आणि शिमग्यातल्या मंडळाच्या कबड्डीचं सर्टिफिकेट इथे चालत नाही. प्रस्ताव शाळेने करायचा, तो जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडून तपासून बोर्डाकडे जातो. घोळ इथे होतो: रत्नागिरी-सिंधुदुर्गाचं बोर्ड कोकण विभागाचं, रत्नागिरीत, पण खेळाचा विभाग कोल्हापूर. सर्टिफिकेटवरचं नाव आणि जन्मतारीख शाळेच्या रजिस्टरशी जुळत नसेल तर ती दुरुस्ती स्पर्धा संपल्या संपल्या करून घ्या, निकालाच्या तोंडावर नाही.

मग अभ्यासात मागे पडलेल्या खेळाडूचं करायचं काय? टेक्सासकडून घ्यायचंच तर तीन आठवड्यांची मुदत घ्या, आणि सराव चालू ठेवा. विभागीय स्पर्धा साताऱ्याला असेल तर कुडाळच्या पोराचे जाण्यायेण्यासकट तीन-चार दिवस सहज जातात, आणि बुडतो तो नेमका विज्ञानाचा प्रयोग किंवा भूमितीचं नवं प्रमेय. म्हणून संघ निघण्याआधी क्रीडाशिक्षकांनी वर्गशिक्षकांकडून त्या दिवसांत काय शिकवणार ते लिहून घ्यावं आणि परतल्यावर आठवड्याच्या आत बुडालेली चाचणी घ्यावी. प्रश्नपत्रिका मात्र नवी काढा. जुनीच दिली तर उत्तरं पोराच्या आधी वर्गात फिरलेली असतात. हजेरीपटावर ‘गैरहजर’ न लिहिता खेळासाठी बाहेर अशी नोंद करा, नाहीतर वर्षअखेरीला हजेरीची टक्केवारी काढताना तेच दिवस त्याच्या अंगाशी येतात.