धडक दुसऱ्याची, दंडगुण दोघांना: हे बरोबरच आहे

आयरेसिंग या ऑनलाइन कार-रेसिंग सिम्युलेटरमध्ये दुसऱ्याने ठोकलं तरी आपल्यालाही इन्सिडंट पॉइंट (दंडगुण) लागतात, हा अन्याय आहे असं एका लेखात म्हटलंय. मला ते पटलं नाही. चूक कोणाची हे सॉफ्टवेअर ठरवत नाही, म्हणूनच समोरच्याच्या चुकीलाही जागा ठेवायची सवय लागते. गाडी ट्रॅकबाहेर गेली की १, ताबा सुटला की २, डांबरी ट्रॅकवर दुसऱ्या गाडीशी जोरात टक्कर झाली की ४. सेफ्टी रेटिंग, म्हणजे आपण किती सुरक्षित चालवतो याचं माप, ज्यावर वरच्या पातळीचं लायसन्स मिळतं, ठरतं ते दर इन्सिडंटमागे किती वळणं पार केली यावर. त्यामुळे पहिल्याच वळणावर आपटून रागाने शर्यत सोडू नका हो! पिटमध्ये दुरुस्ती करून उरलेले लॅप स्वच्छ पूर्ण केले तर बरंच भरून निघतं.

स्पिन झालात, म्हणजे गाडी गर्रकन फिरली, तर ब्रेक घट्ट दाबून धरा. गाडी घरंगळली की मागून येणाऱ्यांचा अंदाज चुकतो.

मुद्दाम सगळ्यात मागे राहून रेटिंग जमवा, हा सल्ला मात्र नवख्यांना देऊ नये. शेजारी गाडी असताना वळण कसं घ्यायचं हे तिथे शिकायलाच मिळत नाही, आणि वरच्या लायसन्सच्या शर्यतींत नेमकं तेच लागतं.