मोलकरणींचे नाटक पाहून सुखरूप घरी कसे परतावे

आपण सुसंस्कृत आहात, पदरचे पैसे खर्चून नाटके पाहता, आणि फ्रेंच नाटककार ज्याँ जनेचे 'ले बॉन' हे नाटक कुठे लागलेच तर तेही पाहण्याचे धाडस कराल, असे मी गृहीत धरते. धाडस हा शब्द उगाच वापरलेला नाही. सोलाँज आणि क्लेअर या सख्ख्या बहिणी एकाच घरात मोलकरणी आहेत. बाईसाहेब बाहेर गेल्या की त्यांच्याच शयनगृहात, त्यांच्याच आरशासमोर क्लेअर बाईसाहेब होते, सोलाँज क्लेअर होते, आणि शिव्याशाप, लाडीगोडी, थुंकणे असे सगळे सोपस्कार करत हा खेळ बाईसाहेबांच्या गळ्यापर्यंत पोहोचतो न पोहोचतो तोच गजराचे घड्याळ वाजते. १९४७ च्या एप्रिलमध्ये दिग्दर्शक लुई जूव्हे यांनी हे नाटक पॅरिसच्या आतेने नाट्यगृहात प्रथम सादर केले. तेव्हापासून प्रेक्षकांनी त्यापासून अंग राखण्याच्या ज्या युक्त्या शोधून काढल्या, त्या आपल्याही कामी याव्यात एवढीच माझी इच्छा आहे.

नाटक एकांकी आहे, म्हणजे मध्यंतर नाही. बटाटेवड्याच्या रांगेत उभे राहून शेजाऱ्याचे मत काय ते चाचपायचे आणि मग तेच आपले म्हणून सांगायचे, ही सोय लेखकाने ठेवलेली नाही. सबब मत घरूनच ठरवून न्यावे. १९४७ च्या प्रेक्षकांना निदान उतारा मिळाला होता. त्याच संध्याकाळी जोडीला ज्याँ जिरोदू यांची एक छोटी नाटिका होती, जिच्यातली बुजरी तरुणी भेटेल त्या पुरुषाला 'आपण किती सुंदर आहात' असे सांगून आपली कामे करून घेते. एकाच तिकिटात एकीकडे साहेबांची स्तुती आणि दुसरीकडे बाईसाहेबांच्या काढ्यात विष. जनेच्या वाट्याला त्या दिवसांत बहुतांशी नाराजी आली, यात नवल ते काय?

त्या नाराजीतून आलेले एक वाक्य मात्र आजही तितकेच उपयोगी आहे आणि ते आपण पाठच करून ठेवावे : 'मोलकरणी काही अशा बोलत नाहीत.' पहिल्या प्रयोगांच्या वेळी एका समीक्षकाने ही तक्रार केली होती. जनेला ती इतकी लागली की १९६३ साली, हे नाटक कसे करावे याविषयी लिहिलेल्या टिपणात त्याने तिला उत्तर दिले. तुम्हांला काय ठाऊक, असे त्याने विचारले. मी मोलकरीण असतो तर असाच बोललो असतो, आणि मोलकरणी तरी रोज कुठे अशा बोलतात, त्या काही रात्रीच अशा बोलतात, असे त्याचे म्हणणे. त्या काही रात्रींचा विचार आपण करू नये. मोलकरीण कशी बोलते हे आपणांस पक्के ठाऊक आहे, कारण ती आपल्याशीच बोलते : 'साबण संपलाय', 'उद्या उशीर होईल', 'हो'. एवढा भरभक्कम पुरावा हाताशी असताना जनेचे कशाला ऐकायचे?

शीर्षकावरही फार रेंगाळू नये. फ्रेंचमध्ये 'बॉन' म्हणजे चांगली, आणि 'बॉन' म्हणजे मोलकरीणही. त्यामुळे बाईसाहेब किती चांगल्या आहेत असे क्लेअर म्हणते तेव्हा तिने स्तुती केली की बाईसाहेबांना आपल्या पंक्तीला बसवले, हे ऐकणाऱ्याला कळत नाही. आपल्याला या भानगडीत पडण्याचे कारण नाही. आपण तिला मावशी म्हणतो. सोफ्यावर बसत नाही ती मावशी, आणि बसते ती आईची बहीण, हा फरक मराठी घरातल्या चार वर्षांच्या मुलालाही कळतो. पॅरिसच्या जुन्या इमारतींत मोलकरणीची खोली छपराखाली असे आणि तिचा जिना मागच्या अंगाने चढे. आमच्या मुंबई-पुण्याच्या काही टोलेजंग सोसायट्यांत तिच्यासाठी लिफ्ट वेगळी असते, पण नाते मात्र आम्ही रक्ताचे लावतो.

आता सर्वांत भक्कम आडोसा. पडदा पडताच शेजाऱ्याकडे झुकून हलक्या आवाजात म्हणावे, 'हे पापँ बहिणींवरून घेतले आहे.' जनेने हा संबंध नाकारला होता, पण लेखकांना काय कळते? २ फेब्रुवारी १९३३ रोजी फ्रान्समधल्या ल माँ शहरात क्रिस्तीन आणि लेआ पापँ या मोलकरीण बहिणींनी आपल्या मालकिणीचा आणि तिच्या मुलीचा खून केला. इस्त्रीमुळे घरातली वीज गेली होती. मायलेकी परतल्या तेव्हा घरात अंधार होता. पोलिसांना प्रेतांचे डोळे उपटलेले आढळले आणि दोघी बहिणी वर आपल्या खोलीत एकाच पलंगावर सापडल्या. इतका तपशील सांगितला की ऐकणारा शहारतो, आणि तो शहारला की नाटकाला त्याच्यापर्यंत पोहोचायला जागा उरत नाही, कारण ल माँ दूर आहे, १९३३ त्याहून दूर आहे, आणि आपल्याकडची इस्त्री बाहेर जाते.

शिवाय या प्रकरणात आपल्या आवडीनिवडीप्रमाणे मत निवडण्याची उत्तम सोय त्या काळच्या विद्वानांनी करून ठेवलेली आहे. आपण बंडखोर असाल तर अतिवास्तववाद्यांकडे, म्हणजे सर्रिअलिस्ट लेखक-कलावंतांकडे, वळावे. त्यांनी आपल्या नियतकालिकात दोघींची छायाचित्रे 'आधी' आणि 'नंतर' अशी शेजारी शेजारी छापली, एकात गळाबंद कॉलर आणि चापूनचोपून बसवलेले केस, दुसऱ्यात अटकेनंतरचा अवतार. आपण पुरोगामी असाल तर फ्रेंच लेखिका सिमोन द बोव्हार यांच्या आठवणी वाचाव्यात. खरा गुन्हेगार समाजच, असे त्यांना आणि तत्त्वज्ञ सार्त्र यांना प्रथम वाटले होते, पुढे क्रिस्तीनच्या वेडाचा तपशील बाहेर आल्यावर तो निष्कर्ष तितका सरळ राहिला नाही, पण आपण पहिल्याच पानावर थांबावे हे उत्तम. आणि आपण शिकलेसवरलेले असून कोणाचीही बाजू घ्यायची नसेल, तर त्याच वर्षी तरुण मनोविकारतज्ज्ञ झाक लाकाँ यांनी या गुन्ह्यावर लिहिलेला लेख आहे. 'पॅरानोइया', म्हणजे संशयाने पछाडणारा मनोविकार, हा शब्द एकदा उच्चारला की पगार, सुट्टी, छपराखालची खोली हे सगळे विषय आपोआप मिटतात. न्यायालयाला मात्र असा कोणताच विलंब परवडला नाही. त्याच सप्टेंबरात क्रिस्तीनला मृत्युदंड सुनावला गेला, तो नंतर कमी झाला, आणि १९३७ साली ती मनोरुग्णालयात मरण पावली. लेआला दहा वर्षांची सक्तमजुरी झाली. ती शिक्षा भोगून बाहेर आली, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही; जिवंत मोलकरीण चर्चेला अडचणीची ठरते.

आपण सामाजिक कार्यकर्ते असाल तर हे नाटक घरकामगारांच्या प्रश्नावर आहे असे म्हणावे. जनेने त्याच टिपणात हे साफ झिडकारले आहे : घरगड्यांची एखादी संघटना असेलच, तो आमचा विषय नाही. यातला पहिला भाग गाळून दुसराच तेवढा सांगितला तर कोणत्याही गृहसंकुलाच्या सर्वसाधारण सभेत टाळ्या पडतील. बाकी महाराष्ट्रात घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा अधिनियम २००८ सालीच झालेला असल्यामुळे आपल्याला काळजीचे कारण नाही.

आणि प्रयोगात नामवंत नट्या असतील तर सगळेच सोपे होते. सिडनीला २०१३ साली आणि पुढल्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये केट ब्लँचेट क्लेअर झाल्या आणि इझाबेल ह्युपेर सोलाँज, तेव्हा ह्युपेरबाईंचे फ्रेंच वळणाचे इंग्रजी नीट कळत नाही, ही तक्रार तिथल्या प्रेक्षकांना आयती मिळाली. फ्रेंच मोलकरीण फ्रेंच ढंगाने बोलली म्हणून रसभंग झाला! तरीही सल्ला म्हणून सांगते, उच्चार हा विषय फार गुणाचा आहे. त्यावर जेवण होईपर्यंत बोलता येते.

या सगळ्या युक्त्या विसरलात तरी हरकत नाही, कारण नाटकातच एक आदर्श प्रेक्षक फिरत असतो. बाईसाहेबांकडे लक्ष ठेवा. त्या घरी येतात तेव्हा पुरावे उघड्यावर पडलेले असतात : स्वयंपाकघरातले घड्याळ शयनगृहात आले आहे, टेलिफोनचा रिसीव्हर खाली काढून ठेवलेला आहे, क्लेअरच्या गालांवर रंग आहे. बाईसाहेबांना यांतले बरेच दिसते. त्या विचारतातही. पण उत्तराची वाट पाहण्याइतका त्यांना वेळ नसतो, कारण जामिनावर सुटलेल्या साहेबांना भेटायला जायचे असते. त्याआधी, साहेबांच्या अटकेच्या दुःखाच्या भरात, त्यांनी आपला लाल झगा क्लेअरला देऊन टाकलेला असतो, आणि वर ऐकवलेले असते की तुम्ही नशीबवान, तुम्हांला कपडे कोणी तरी देते. मला हवे असले तर विकत घ्यावे लागतात. हे वाक्य ऐकताना आपल्या कपाटातल्या, दिवाळीसाठी म्हणून बाजूला काढून ठेवलेल्या, काठाला किंचित विरलेल्या साडीची आठवण आली तर ती आवरावी.

क्लेअर लिंडनच्या फुलांचा काढा पुढे करते. त्यात गार्डेनालच्या, म्हणजे झोपेच्या औषधाच्या, गोळ्या विरघळवलेल्या आहेत. ती पुन्हा पुन्हा आग्रह करते. काढा गार होत चालला आहे असे सांगते. बाईसाहेब पीत नाहीत. सोलाँज टॅक्सी घेऊन येते आणि बाईसाहेब निघून जातात. शेवटी तो पेला क्लेअरच, बाईसाहेबांच्या भूमिकेत, पिते, आणि खऱ्या बाईसाहेब त्या वेळी बाहेर शॅम्पेन घेत असतील. सगळे पाहिले, काहीही प्यायल्या नाहीत, वेळेवर निघाल्या : नाटक पाहावे तर असे.

म्हणून दिवे लागताच उठावे. एक किरकोळ सूचना राहिली. पॅरिसमध्ये पाहणार असाल तर सुटे पैसे जवळ ठेवावेत, कारण तिथल्या खासगी नाट्यगृहांत जागा दाखवणाऱ्या बाईला बक्षिसी देण्याची जुनी रीत आहे. नाणे तिच्या तळहातावर ठेवावे, चेहऱ्याकडे पाहण्याची गरज नसते. प्रेक्षागृहाच्या दाराशी उभी राहून ती हे नाटक रोज पाहते. तिला ते कसे वाटले, हे विचारायला थांबू नये. टॅक्सी खोळंबलेली असते.