रुपयाचे दीड, पण कोणाचे?

नागपूरच्या ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय: ‘संरक्षणावरचा रुपया दीड होऊन परत येतो. बजेट दरवर्षी वाढतंय. दारूगोळ्याचे कारखाने असलेला विदर्भ आता मागे राहूच शकत नाही.’

दीडचा आकडा हवेतला नाही. एमी नाकामुरा आणि यॉन स्टाइनसन या अर्थतज्ज्ञांच्या २०१४ च्या अभ्यासात तो आहे. पण त्यांनी मोजलं ते अमेरिकेतल्या राज्यांचं: लष्करी खरेदी जिथे जास्त झाली, त्या राज्याचं उत्पन्न इतरांच्या तुलनेत किती वाढलं. कर मात्र सगळ्याच राज्यांनी भरला होता. अख्ख्या देशाच्या रुपयाचे दीड होतात, असा त्याचा अर्थ नाही.

बजेटचं म्हणाल तर २०२५-२६ च्या ६.८१ लाख कोटींपैकी १.६१ लाख कोटी पेन्शनचे. ते माजी सैनिकांच्या गावी जातात, आणि जावेतच. पण बजेट फुगलं म्हणजे नागपूरच्या अंबाझरी आयुध कारखान्याची ऑर्डर वाढली, असं होत नाही.

खरी गोम तिसऱ्या मुद्द्यात आहे: कारखाने आहेत म्हणून विदर्भ मागे राहणार नाही. इथे साखळी आहे, हे मान्य: तोफगोळ्यांची धातूची कवचं अंबाझरीत, स्फोटकं भंडाऱ्यात, भरणी भद्रावतीत, साठा पुलगावच्या डेपोत. मग भंडाऱ्याचा कारखाना १९६४ चा असूनही तिथली पोरं नोकरीसाठी पुण्याची गाडी का पकडतात? स्फोटकांच्या कारखान्याला वस्तीपासून अंतर लागतं. क्वार्टर, शाळा, दवाखाना सगळं कुंपणाच्या आत. गेटबाहेर चहाच्या टपऱ्या वाढतात, सुटे भाग घडवणारं लेथ मशीन नाही.

शिवाय १ ऑक्टोबर २०२१ पासून आयुध कारखान्यांच्या सात सरकारी कंपन्या झाल्या (त्यांतल्या यंत्र इंडियाचं मुख्यालय नागपुरातच). आता खाजगी कंपन्यांशी स्पर्धा आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये पिनाका या रॉकेट यंत्रणेच्या १०,१४७ कोटींच्या दारूगोळा ऑर्डरमधला मोठा वाटा नागपूरच्याच खाजगी कंपनीला मिळाला. चांगलंच झालं. पण रोजगार म्हणजे कसला, हेही बघा. १७ डिसेंबर २०२३ ला बाजारगावच्या स्फोटकांच्या कारखान्यात स्फोट होऊन ९ कामगार गेले, त्यांत ६ बाया होत्या.

तेव्हा पुढच्या वेळी खासदारांना बजेटचा आकडा विचारू नका. या कारखान्यांना लागणारे सुटे भाग, डाय (साचे), पॅकिंगच्या पेट्या यांतलं किती नागपूरजवळच्या हिंगणा आणि बुटीबोरी एमआयडीसीतल्या वर्कशॉपमधून घेतलं जातं, आणि त्यांची बिलं किती महिन्यांत निघतात, ते विचारा.